ग्राहक सोर्स कोड मागालाय. द्यायलाच लागतो काय?

प्लाझ्मा_उद्यमबाग

नमस्कार मंडळी. बेळगावच्या उद्यमबागेत आमचं छोटं शेड आहे, मी आणि पार्टनर. आधी हायड्रॉलिक सिलिंडरचं जॉबवर्क करायचो. आता मुख्य धंदा जुनी प्लाझ्मा कटिंग टेबलं, म्हणजे पत्रा कापायची मशीनं, जिवंत करायचा. टेबलाचा बाहेरदेशी कंट्रोलर मेलेला असतो, नव्या कार्डाचं कोटेशन ऐकून मालकाचा घसा कोरडा पडतो, मग ते आमच्याकडं येतात. सांगाडा, रेल, मोटर सगळं तसंच ठेवून आम्ही फक्त डोकं बदलतो.

त्या डोक्यात दोन गोष्टी. खाली मेगा २५६० हा कंट्रोलर बोर्ड, त्यावर मोटर हलवणारा ग्रबल हा मुक्त प्रोग्राम. मूळ ग्रबलमध्ये टॉर्चची उंची सांभाळायची सोय नाही, ती आम्ही घातली. आर्कचं व्होल्टेज वाचायचं, चढलं की टॉर्च खाली, उतरलं की वर. पत्रा तापून वाकला तरी कट बिघडत नाही. वर रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर, टचस्क्रीन आणि आमचं स्वतःचं पायथनमधलं स्क्रीन सॉफ्टवेअर. कन्नड, मराठी, इंग्रजी तिन्ही भाषा, आणि बटणं एवढी मोठी की ऑपरेटरला हातमोजा काढायला लागत नाही.

तर झालंय असं, गोकाकच्या बाजूला एका फॅब्रिकेशनवाल्याला टेबल करून दिलं. मालकाचा पोरगा हुबळीहून इंजिनिअरिंग करून आलाय. त्यानं लॅपटॉप जोडून सिरियल पोर्ट उघडला, तर जोडल्याजोडल्या 'ग्रबल १.१' अशी ओळ. ती ओळ ग्रबल आपली आपणच पाठवतं. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर निरोप: सर, हे जीपीएल आवृत्ती ३ आहे, सोर्स कोड पाठवावा. जीपीएल म्हणजे ग्रबल ज्या लायसन्सवर फुकट मिळतं ते, आणि सोर्स कोड म्हणजे माणसानं लिहिलेला मूळ प्रोग्राम. बोलणं एकदम नम्र, मागणी पक्की.

पार्टनर म्हणतो अजिबात द्यायचा नाही. तो फौंड्रीतनं आलेला माणूस. त्याचं म्हणणं, कास्टिंग विकलं म्हणून कुणी पॅटर्न देतं का? आणि कोड बाहेर गेला की मागच्या गल्लीतला माणूस तेच टेबल आमच्यापेक्षा स्वस्त विकणार. भीती खोटी नाही, तो माणूस आमचा जुना वेल्डर आहे.

मला विचारायचंय ते असं. द्यायलाच लागतो का, आणि द्यायचा तर गोकाकवाल्याला की इंटरनेटवर टाकून सगळ्या जगाला? आमचं स्क्रीन सॉफ्टवेअरही त्यात धरलं जातं का? पुढच्या बोर्डांची चिप लॉक करून टाकली तर चालतं का? आणि उंचीचा कोड ज्या पोरानं लिहिला तो कॉलेजचा प्रोजेक्ट म्हणून आमच्याकडं यायचा, आता पुण्यात नोकरीला आहे. त्या कोडचा मालक कोण, तो की आम्ही?

निपाणीचा_पाव्हणा

देऊ नका. गप्प बसा. तो पोरगा काय कोर्टात जाणार आहे का? बाजारात निम्मा चिनी माल याच कोडवर चालतो, त्यांना कोण विचारालंय?

कर्नलवाला_खानापूर

निपाणीकर, 'कोण विचारालंय' म्हणणारे पुष्कळ होऊन गेले. २००३ मध्ये लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरमध्ये जीपीएलखालचं लिनक्स सापडलं, लोकांनी पाठपुरावा केला आणि कंपनीला सोर्स बाहेर काढावा लागला. त्यातूनच ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं मुक्त सॉफ्टवेअर उभं राहिलं. लिंकसिस विकत घेतलेल्या सिस्कोवर २००८ च्या डिसेंबरात जीपीएल काढणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशननं दावा लावला, तो पुढच्या वर्षी तडजोडीनं मिटला. जर्मनीत म्युनिकच्या कोर्टानं २००४ मध्येच जीपीएल बंधनकारक धरलं. आणि अलीकडचं हवं असेल तर फेब्रुवारी २०२४, पॅरिसचं अपील कोर्ट: ऑरेंज या टेलिफोन कंपनीनं जीपीएलच्या अटी पाळल्या नाहीत म्हणून एका छोट्या सहकारी सॉफ्टवेअर संस्थेला ५ लाख युरो नुकसानभरपाई, बाकीच्या रकमा त्यावर वेगळ्या. आपल्याकडं १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम साहित्यकृतीतच मोडतो. लायसन्सची अट मोडली की परवानगी गेली, आणि परवानगीशिवाय प्रत विकणं म्हणजे सरळ उल्लंघन.

गोकाकचा पोरगा कोर्टात जाईल असं मलाही वाटत नाही. दावा मुख्यतः कोड लिहिणाऱ्यांचा असतो. गिऱ्हाइकालाही दावा लावता येतो का, हे अमेरिकेत व्हिझिओ टीव्हीच्या २०२१ मधल्या खटल्यात पणाला लागलं. पण तुमचं टेबल उद्या पुण्या-मुंबईच्या एखाद्या कंपनीत गेलं, तर त्यांचा खरेदी विभाग सॉफ्टवेअरच्या लायसन्सची यादी मागतो, सही-शिक्क्यासकट. तिथं काय लिहिणार?

आता प्लाझ्मासाहेब, तुमचं. मी वकील नाही, पण बेंगळुरूत बरीच वर्षं राउटरच्या कंपन्यांत हेच लायसन्सचं कारकुनी काम माझ्या गळ्यात होतं. सध्या खानापुरातनं काम करतो, नेटवर्क असेल तेव्हा.

पार्टनरला सांगा, पॅटर्न त्यानं स्वतः लाकूड तासून केला असता तर कपाटात ठेवून किल्ली खिशात घालायची. ग्रबलचा पॅटर्न तुम्ही केलेला नाही. २००९ पासून दुसऱ्यांनी तो घडवला, तुम्हाला फुकट दिला, आणि देताना सांगितलं की ज्याच्याकडं कास्टिंग जाईल त्याला पॅटर्नही मिळाला पाहिजे, तुम्ही वर जो भर घातला त्यासकट. तुम्ही घातलेला टॉर्चच्या उंचीचा भाग त्याच फर्मवेअरमध्ये, म्हणजे बोर्डातल्या प्रोग्राममध्ये, मिसळून एकच बायनरी, म्हणजे चिपमध्ये जाणारी तयार फाईल होते. त्यामुळं तोही जीपीएल ३ खालीच द्यायचा. इथं पळवाट नाही.

पण सगळ्या जगाला द्यायचा, ही अफवा. देणं लागतं ते ज्याला तुम्ही बायनरी दिली त्याचं. शेडमधल्या टेस्टच्या टेबलावर तुम्ही वाटेल ते बदला, कुणाला दाखवायचं कारण नाही. टेबल गेटबाहेर पडलं की मगच जबाबदारी सुरू. लिनक्सचा धंदा करणाऱ्या रेड हॅट कंपनीनं २०२३ च्या जूनमध्ये हेच केलं, पूर्ण सोर्स फक्त गिऱ्हाइकांपुरता ठेवला. लोकांनी भरपूर शिव्या घातल्या, तो भाग वेगळा.

आता कडू गोळी. गोकाकवाल्यानं तो कोड घेऊन तुमच्या जुन्या वेल्डरला दिला, किंवा नेटवर टाकला, तर तुम्ही त्याला अडवू शकत नाही. तसा बाँड लिहून घेता येत नाही. लायसन्सनं दिलेल्या हक्कावर वरून आणखी अट लादायला तिथंच मनाई आहे. टेबलाची किंमत मात्र तुम्ही हवी ती लावा, सर्व्हिसचे आणि वॉरंटीचे पैसे वेगळे घ्या. जीपीएल पैसे घेऊ नका म्हणत नाही.

काय द्यायचं ते नीट बघा, कारण बहुतेक लोक इथं लबाडी करतात. मूळ ग्रबलची लिंक पाठवून 'घ्या सोर्स' म्हणतात. ते चालत नाही. तुमच्या टेबलात आज जी बायनरी आहे, नेमकी ती तयार होईल असा संपूर्ण संच लागतो: बदललेल्या फायली, कॉन्फिग.एच मधली तुमची सेटिंग, बायनरी कशी बनवायची ते सांगणारी मेकफाईल, बोर्डात घालायची स्क्रिप्ट. सोर्समधनं बायनरी बनवणारा कंपायलर द्यायची गरज नाही, तो सगळ्यांना मिळतो. तुम्ही बदल केलाय आणि कोणत्या तारखेला केलाय ही नोंद ठळक हवी. सोबत लायसन्सची मूळ इंग्रजी प्रत जशीच्या तशी. कन्नडमध्ये खुलासा जोडायचा तर जोडा, पण तो लायसन्सच्या जागी नको.

काय द्यायचं नाही, हे पार्टनरला आवर्जून सांगा, त्याचा जीव थोडा खाली येईल. तुमच्या बोर्डाचं सर्किट, पीसीबीच्या फायली, आर्क व्होल्टेज उतरवून आणायचं डिव्हायडर कार्ड, यातलं काहीही फर्मवेअरच्या लायसन्सखाली येत नाही. कटिंगचे तक्तेही नाहीत. किती मिलीच्या पत्र्याला किती अँपिअर, किती वेग, टॉर्च किती वर, पियर्सिंगला किती थांबायचं, हा डेटा पायमधल्या वेगळ्या फाईलमध्ये असेल तर तो निव्वळ तुमचा. खरी अक्कल तिथं आहे असं मी तरी समजतो.

चिप लॉक करायचं मनातनं काढा असं म्हणणार नाही, पण उपयोग काय ते बघा. जीपीएल ३ मध्ये एक खास कलम आहे. टिव्हो नावाचा व्हिडिओ रेकॉर्डर लिनक्सवर चालायचा, कंपनी सोर्सही द्यायची, पण बदललेला कोड डब्यात चालू द्यायची नाही. त्यावर उतारा म्हणून आवृत्ती ३ म्हणते की घरगुती वापराच्या वस्तूत बदललेला कोड बसवायची माहिती आणि किल्ल्याही द्या. प्लाझ्मा टेबल घरात कोण ठेवतंय? म्हणून ते कलम तुम्हाला लागत नाही. पण मेगाच्या लॉक बिट्सनी फक्त आतला कोड वाचता येत नाही. चिप पुसून नवा कोड घालता येतोच. सोर्स तर द्यायचाच आहे, मग वाचायला बंदी करून मिळवलं काय? उलट रात्री अकराला टेबल बंद पडलं आणि तुमचाच माणूस तिथं बोर्ड तपासायला गेला, तर त्यालाच ते नडेल.

उंचीचा कोड लिहिणाऱ्या पोराचं. पगारावर असता तर कायद्याच्या १७ व्या कलमानं कोडचा पहिला मालक तुम्ही, म्हणजे मालक-फर्म. कॉलेजचा प्रोजेक्ट, पगार नाही, लेखी काही नाही, तर त्यानं लिहिलेल्या भागाचा मालक तोच. हक्क तुमच्या नावावर करून घ्यायचे तर लेखी लागतं. पण काळजी नको, त्यानंही तो भाग ग्रबलमध्येच लिहून तुम्हाला दिला, म्हणजे तुम्हाला तो जीपीएल खालीच मिळाला. वापरा, विका, फक्त त्याचं नाव फाईलच्या डोक्यावर राहू द्या.

स्क्रीन सॉफ्टवेअरचं उत्तर राखून ठेवलंय. पाय आणि मेगा यूएसबीवरून एकमेकांशी बोलतात, इकडून जी-कोड म्हणजे हालचालीचे हुकूम, तिकडून 'ओके'. असे दोन वेगळे प्रोग्राम साधारणपणे वेगळेच धरतात, ग्रबलच्या जीपीएलची लागण त्याला होत नाही. पण मला दोन गोष्टी सांगा. स्क्रीनसाठी कोणती लायब्ररी वापरलीय? आणि पायचं मेमरी कार्ड कसं तयार करता?

प्लाझ्मा_उद्यमबाग

कर्नलसाहेब, एवढं सविस्तर लिहिलंत, आभार. पार्टनरला वाचून दाखवलो, पीसीबी द्यायचा नाही इथं येऊन तो पहिल्यांदा हसला.

स्क्रीनची फाईल उघडून बघितलो, सगळ्यात वर पायक्यूटी५ इंपोर्ट केलंय. कार्डाचं म्हणाल तर एक मास्टर कार्ड आहे, त्यावर रास्पबेरी पाय ओएस आणि आमचं सॉफ्टवेअर. नवीन टेबल आलं की त्याची क्लोन मारायची. त्यात काय अडचण आहे का?

कर्नलवाला_खानापूर

दोन्हीत आहे.

पायक्यूटी दोन पद्धतीनं मिळतं: जीपीएल ३ खाली फुकट, नाहीतर पैसे मोजून कमर्शिअल लायसन्सवर. तुम्ही पैसे मोजलेले दिसत नाहीत. म्हणजे पायक्यूटीवर उभं असलेलं तुमचं स्क्रीन सॉफ्टवेअर टेबलाबरोबर बाहेर गेलं की तेही जीपीएलच्या अटीवरच द्यायला लागतं. ग्रबलमुळं नाही, पायक्यूटीमुळं. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, कारण पायक्यूटी ज्यावर बेतलंय ते खालचं क्यूटी स्वतः एलजीपीएल या सैल लायसन्सखाली मिळतं आणि माणूस त्याच भ्रमात राहतो. याच कारणासाठी नोकियानं २००९ मध्ये पायसाइड काढलं, तेच काम करणारं पण एलजीपीएलवालं. एलजीपीएलमध्ये लायब्ररीत केलेले बदल द्यायचे आणि गिऱ्हाइकाला ती लायब्ररी बदलता आली पाहिजे, तुमचा कोड तुमच्याकडंच राहतो. पायथनमध्ये लायब्ररी मुळातच वेगळ्या फायलीत असते, त्यामुळं हे पाळायला सोपं.

तेव्हा पुढच्या टेबलांसाठी पायसाइडवर या. काम फार नाही, इंपोर्टच्या ओळी आणि पायक्यूटीसिग्नलच्या जागी सिग्नल असले बारीक बदल. एक जागा मात्र तपासा. टचस्क्रीन आहे म्हणजे अक्षरं टाइप करायला पडद्यावरचा कीबोर्ड असेल. तो क्यूटीचा व्हर्च्युअल कीबोर्ड असेल तर तोही जीपीएल ३ आहे, एलजीपीएल नव्हे. क्यूटी चार्ट्सचंही तेच. तेवढा कीबोर्ड स्वतः बटणं मांडून करा, नाहीतरी प्रोग्रामचं नाव आणि चार आकडे सोडून ऑपरेटर काय टाइप करतोय?

जी टेबलं पायक्यूटीसह गेलीत त्यांचं स्क्रीन सॉफ्टवेअर मागितलं तर द्या. कटिंगच्या तक्त्यांची फाईल वेगळी काढूनच.

आता कार्ड. क्लोन मारून विकलं की त्या कार्डावरच्या प्रत्येक गोष्टीचे वाटपकर्ते तुम्ही. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, बॅश, शेकडो पॅकेजं. कर्नल जीपीएल २ वर आहे, ३ वर नाही, आणि १९९१ च्या त्या आवृत्तीत धंदेवाल्याला दोनच वाटा आहेत. एक, मालाबरोबरच संपूर्ण सोर्स द्या. दोन, लेखी हमी द्या की किमान ३ वर्षं जो कोणी मागेल त्याला प्रत काढायच्या खर्चात सोर्स देऊ. 'जो कोणी' म्हणजे अक्षरशः कोणीही, गिऱ्हाईक असो नसो. आवृत्ती ३ इथं थोडी मऊ आहे, बायनरी ज्याच्या हातात आहे त्यानंच मागायचं. पण तिथं मुदत ३ वर्षांवर संपत नाही, त्या मॉडेलचे स्पेअर किंवा सर्व्हिस देताय तोवर चालू. तुम्ही लोक टेबल गंजून पडेपर्यंत सर्व्हिस देता, म्हणजे हिशेब करा.

'डेबियनच्या साइटवर आहे की सगळं' (पायचं ओएस डेबियनवर बेतलंय) हे उत्तर पेटीत घालून विकलेल्या मालाला चालत नाही.

म्हणून माझा सल्ला एकच, आणि मी कंपनीतही हाच द्यायचो आणि कोणी ऐकायचं नाही: लेखी हमीच्या भानगडीत पडू नका. टेबलाबरोबर एक पेनड्राइव्ह द्या. त्यात ग्रबलचा तुमचा सोर्स, मास्टर कार्डावरच्या पॅकेजांची यादी आणि त्यांचे सोर्स, लायसन्सच्या प्रती. बिलावर एक ओळ, 'सोर्स कोडचा पेनड्राइव्ह मिळाला', खाली गिऱ्हाइकाची सही. तिथंच तुमची जबाबदारी फिटली. पेनड्राइव्ह हरवला म्हणून तो पाच वर्षांनी आला तर द्यायचा की नाही, तुमची मर्जी. हमी दिली असती तर शोधत बसायला लागलं असतं, आणि त्या आवृत्तीचं कार्ड तेव्हा कुणाकडं असतं?

पॅकेजांचे सोर्स मास्टर कार्ड ज्या दिवशी बनवाल त्याच दिवशी उतरवून घ्या, 'ॲप्ट सोर्स' या हुकुमानं येतात. नंतर करू म्हटलं की आवृत्त्या पुढं सरकतात. आणि कार्ड जरा हलकं करा, त्यावर ब्राउझर, ऑफिस, खेळ कशाला हवेत? जेवढी पॅकेजं कमी तेवढं ओझं कमी.

शहापूर_अकाउंट्स

मध्येच विचारतो, माफ करा. मी चार-पाच दुकानांना ईआरपीनेक्स्ट हे हिशेबाचं सॉफ्टवेअर चालवून देतो, सर्व्हर माझा, ते ब्राउझरमधनं वापरतात. जीएसटीच्या रिपोर्टात बरेच बदल केलेत. मलाही सोर्स द्यावा लागणार काय?

कर्नलवाला_खानापूर

नाही. ईआरपीनेक्स्ट जीपीएल ३ आहे, आणि प्रोग्रामची प्रत तुम्ही कुणाला दिलीच नाही, सर्व्हरवरून नुसता वापरायला दिला. तीच गोष्ट एजीपीएल या जीपीएलच्या भावंड लायसन्सच्या सॉफ्टवेअरला असती तर द्यावा लागला असता. बदललेला प्रोग्राम नेटवरून वापरणाऱ्यालाही सोर्स, हे कलम त्यात २००७ पासून आहेच. एखादं दुकान उद्या म्हणालं की सर्व्हर आमच्या माडीवर बसवून द्या, की मात्र हिशेब बदलला.

मच्छे_टूलरूम

सगळं वाचलो. कायद्याचं ते कर्नल बघून घेतील. मी धंद्याचं बोलतो.

प्लाझ्मा, तुझ्या पार्टनरला सांग, मागच्या गल्लीतल्या वेल्डरला कोड दिलास तरी त्येचं टेबल चालणार नाही. का ते ऐक. एकानं असंच नेटवरनं ग्रबल उतरवून टेबल केलं होतं, बंद पडालंय म्हणून मला बोलावलं. बघितलो तर आर्क पेटला की मेगा रीसेट. दर वेळी. प्लाझ्माचा हाय फ्रिक्वेन्सी स्टार्ट, त्येचा करंट सगळीकडं नाचतोय, आणि यानं मोटरची वायर, लिमिट स्विचची वायर आणि टॉर्चची केबल एकाच पट्टीत बांधून टाकलीत. वर साध्या वायरी, शील्ड नाही. अर्थिंग म्हणून पॅनेलपासून भिंतीतल्या सॉकेटला एक वायर! टेबलाच्या पायाशी वेगळा रॉड ठोकला, टॉर्चची केबल दुसऱ्या बाजूनं फिरवली, लिमिट स्विचला ऑप्टो घातला, यूएसबीच्या केबलला फेराइट, तवा कुठं टेबल गप्प झालं. यातलं काय कोडात लिहिलंय?

आणि दुसरं बघ. टॉर्च कोपऱ्यावर हळू होते तवा व्होल्टेज आपोआप चढतं, मग उंचीवालं नाक खाली खुपसतं नि नोझल पत्र्याला घासतं. तू तिथं उंची धरून ठेवतोस की नाही मला ठाऊक नाही, पण किती वेगाखाली धरायची हे टेबलागणिक बदलतंय. ते जाऊन बसवायलाच लागतं. गोकाकचा पोरगा सोर्स मागालाय म्हंजे त्येला त्यातलं काहीतरी बदलायचंय. विचार की त्येला काय बदलायचंय. मागणी कशाला आली ते कुणीच विचारलं नाही इथं.

प्लाझ्मा_उद्यमबाग

मच्छेकाका, तुमचं ऐकून फोन केलो. त्याला पाइप कापायचा रोटरी अक्ष जोडायचाय! आमचं फर्मवेअर तीनच अक्षांचं. तो म्हणाला तुम्ही करून दिलात तर पैसे देऊ, नाहीतर मी स्वतः प्रयत्न करतो, म्हणून सोर्स मागितला. पार्टनर लगेच रोटरीचं कोटेशन काढायला बसला.

सोर्स मात्र देतोय, दोन्ही गोष्टी होऊ देत. सोबत हे पत्र लिहिलोय, कर्नलसाहेब एकदा नजर टाका:

'आपल्या टेबलातील कंट्रोलर फर्मवेअर हे ग्रबल या मुक्त प्रोग्रामवर आधारित असून त्यात आम्ही टॉर्च उंची नियंत्रणाचे बदल केले आहेत. बदलांची यादी व तारखा सोबतच्या फाईलमध्ये आहेत. संपूर्ण सोर्स कोड व जीपीएल आवृत्ती ३ ची प्रत पेनड्राइव्हमध्ये दिली आहे. हा कोड फक्त आपल्या अंतर्गत वापरासाठी असून इतरांस देऊ नये. बदललेला कोड बसवल्यास टेबलाची वॉरंटी लागू राहणार नाही.'

कर्नलवाला_खानापूर

'फक्त आपल्या अंतर्गत वापरासाठी' हे वाक्य पूर्ण काढा. जे द्यायला सांगितलंय ते एका हातानं देऊन दुसऱ्या हातानं काढून घेताय, आणि तेवढ्या एका ओळीनं सगळा खटाटोप पाण्यात जाईल. वॉरंटीची ओळ ठेवा, ती तुमच्या अखत्यारीत आहे. फक्त 'टेबलाची' ऐवजी 'कंट्रोलरची' लिहा. त्यानं कोड बदलला म्हणून रेल वाकल्यावर हात झटकणं बरं दिसणार नाही.

आधी विकलेल्या टेबलांचंही उरकून टाका. आवृत्ती ३ मध्ये सोय आहे: चूक थांबवलीत आणि त्यानंतर ६० दिवसांत कोड लिहिणाऱ्यांकडून नोटीस आली नाही, तर गेलेली परवानगी कायमची परत येते. कर्नलचं लायसन्स जुनं, त्यात ही सवलत नव्हती. पण २०१७ मध्ये कर्नलच्या बऱ्याच डेव्हलपरांनी आम्हीही तशीच मुदत देऊ असं जाहीर केलंय. सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांना पेनड्राइव्ह कुरिअर करा.

आणि पाठवण्याआधी एक करा. तो पेनड्राइव्ह अशा लॅपटॉपला लावा ज्यावर तुमचं काहीच नाही. तिथं फक्त त्यातल्या फायलींवरून बायनरी तयार करा आणि शेडमधल्या टेबलात घालून एक चौकोन कापा.

प्लाझ्मा_उद्यमबाग

पार्टनरच्या मुलीच्या लॅपटॉपवर करून बघितलो. बिल्ड होईना. उंचीच्या भागातली एक हेडर फाईल आमच्याकडं नाहीच. टेबलांत आजवर घालत आलोय ती पोरानं बनवून ठेवलेली तयार हेक्स फाईल, म्हणजे बायनरीच. ती हेडर त्याच्याच लॅपटॉपवर राहिली असणार.

मच्छे_टूलरूम

म्हंजे रोटरीचं कोटेशन काढलंस ते कशाच्या जिवावर?

कर्नलवाला_खानापूर

पोराला आत्ता फोन लावा, त्यानं लॅपटॉप फॉरमॅट करायच्या आत. त्याच्याकडून फाईल आली की तीतही त्याचं नाव आणि लायसन्सच्या ओळी आहेत का बघा, नसतील तर त्यालाच घालून पाठवायला सांगा. नाहीच मिळाली तर तेवढा भाग नव्यानं लिहा, टेबलात बसवा आणि मग त्याच आवृत्तीचा पेनड्राइव्ह गोकाकला द्या. तोवर गोकाकच्या पोराला खरं काय ते सांगा, आठवडाभर थांबेल तो.

प्लाझ्मा_उद्यमबाग

फोन लावलोय, उचलला. जुना लॅपटॉप गावी घरी आहे म्हणाला, हलग्याला. त्याच्या आईला विचारून संध्याकाळी जाऊन घेऊन येतो.